रिकामी बोट गोल फिरत होती

व्हर्लन टिडमोर आठवडाभर शाळेची बस चालवायचा. सगळी मुलं जागेवर बसल्याशिवाय बस हलायची नाही. रेल्वे फाटक आलं की तो खिडकी उघडायचा, कान देऊन ऐकायचा आणि मगच गाडी पुढे घ्यायचा. मुलं वैतागायची, आया निर्धास्त असायच्या.

शनिवारी मात्र हाच माणूस गंटर्सव्हिलच्या तळ्यात आपली निळी बास-बोट सोडायचा आणि ताशी सत्तर मैलांनी सुटायचा. बास माशांच्या स्पर्धेत मासे दडतात ती पाणगवताची चांगली कड जो आधी गाठेल त्याची, त्यामुळे सगळेच असे सुटायचे. सोबत मेव्हणा रॉइस. बायको ओपलचा हा धाकटा भाऊ गॅरेजात काम करायचा आणि त्याच्या तोंडाला खीळ कशी ती नव्हती.

त्या एप्रिलातल्या सकाळी पहिल्या जागेवर काही लागलं नाही. व्हर्लनने गळ गुंडाळले आणि तो सुकाणूशी येऊन बसला. चालकाच्या लाइफ जॅकेटला अडकवायची लाल दोरी किल्लीपाशी लोंबकळत होती. माणूस बोटीबाहेर फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं.

"दोरी लाव रे," रॉइस सँडविच चावत म्हणाला. "ओपलने मला बजावून पाठवलंय."

"पुलापलीकडे तर जायचंय. तिला सांग, लावली म्हणून."

"म्हणजे खोटं मी बोलायचं? बसवाले काका, तुमच्या शाळेत हेच शिकवतात का?"

दोघेही हसले. व्हर्लनने वेगाचं थ्रॉटल पुढे रेटलं.

पुलाखालून नुकताच मालवाहू तराफा गेला होता. त्याच्या लाटा पाण्यावर अजून चालत होत्या, पण सकाळचं ऊन समोरून येत असल्याने त्या दिसल्या नाहीत. वाऱ्याने टोपी उडते आहे असं वाटलं म्हणून व्हर्लनने एक हात वर नेला. तेवढ्यात बोटीचं नाक उचललं गेलं आणि तिरकं आपटलं. उरलेल्या एका हाताला सुकाणू आवरेना. बोट गर्रकन वळली आणि दोघेही दगडासारखे बाहेर फेकले गेले.

पाणी इतकं कडक असतं हे व्हर्लनला तेव्हा कळलं. बरगडीत कळ उठली, श्वास आत जाईना. जॅकेटने त्याला वर आणलं आणि कानात पहिला आवाज शिरला तो इंजिनाचा. ते चालूच होतं. सुकाणू वळलेलंच राहिलं होतं आणि रिकामी बोट त्या दोघांभोवती गोल फिरत होती.

"पोह! व्हर्लन, पोह!" रॉइस ओरडला. तो बोटीच्या फेऱ्याच्या कडेला पडला होता. चार हात मारले असते तर सुटला असता.

व्हर्लनचे हात हलेनात. बोट पहिल्यांदा त्याच्यापासून जराशा अंतरावरून गेली, इंजिनाच्या पंख्याने उडवलेलं पाणी तोंडावर आलं. पुढच्या फेरीला ती आणखी आत येणार हे दिसत होतं. बुडी मारावी तर जॅकेट बुडू देईना. रॉइस मागे वळला. शिव्या देतच आला, व्हर्लनच्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा धरला आणि त्याला ओढू लागला. व्हर्लन सुटला. रॉइसचा पाय सुटला नाही.

गवताच्या कडेला मिस अर्नेस्टीन नावाची म्हातारी आपल्या पत्र्याच्या होडीत मासे धरत बसली होती. तिने होडी जवळ आणली, नांगराचा दोर सोडवला आणि बोटीच्या वाटेत भिरकावला. दोर पंख्यात गुंतला, इंजिन घुसमटून बंद पडलं. मग तिने कमरेचा पट्टा काढून व्हर्लनकडे फेकला. "रड नंतर! त्याच्या मांडीला आवळ, जोर लावून आवळ!"

हेलिकॉप्टर आलं. रॉइस वाचला. डावा पाय गुडघ्याखालून गेला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ओपलने एवढंच विचारलं, "दोरी लावली होती?"

"नाही."

ती उठून भावाच्या खोलीत गेली. त्यानंतर तिने ती गोष्ट काढली नाही. घरी जेवायला वाढायची, चर्चमध्ये शेजारी बसायची, पण बोलता बोलता मध्येच थांबायची. त्याला वाटायचं, एकदाचं ओरडावं हिने, ताटं फोडावीत. ती काही ओरडली नाही.

बस मात्र तो चालवत राहिला. फाटकाशी आता इतका वेळ थांबायचा की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या.

वर्ष उलटलं आणि रॉइस नव्या पायावर लंगडत दारात आला. "चल, तळ्यावर. बोट गंजवायला ठेवलीयेस का?"

"मला नाही जमायचं."

"पाय माझा गेला आणि लंगडतोयस तू!"

शेवटी गेले. व्हर्लनने दोरी जॅकेटला अडकवली, दोनदा ओढून पाहिली आणि बोट चालण्याच्या वेगाने काढली. शेजारून बोटी सुसाट जात होत्या. रॉइसचा पारा चढत गेला.

"अरे, बदकं पुढे गेली आपल्या! पाव वेळात पोचलो असतो. दया करतोस का माझ्यावर? मला नकोय ती. दाब ना जरा!"

व्हर्लनने दात आवळले आणि थ्रॉटल थोडं पुढे ढकललं. नाक उचललं गेलं. तेवढ्यात कुणा दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली, बोट एकदा धप्पकन आपटली आणि सरळ झाली. काहीच झालं नाही.

पण रॉइसची बडबड थांबली होती. व्हर्लनने मान वळवली. रॉइस समोर बघत होता, ओठ पांढरे पडलेले. त्याच्या मुठीत व्हर्लनच्या जॅकेटचा पट्टा होता.

व्हर्लनने इंजिन बंद केलं.

"घरी सांगू नकोस," रॉइस म्हणाला.

"नाही सांगत."

"इथंच टाकू गळ. काय लागेल ते लागेल."

पट्टा त्याने लगेच सोडला नाही, आणि व्हर्लननेही तो सोडवून घेतला नाही.