काकूंचं जर्मनीतलं कुरण

"देताय ना? मग नीट जागी द्या!"

काकू हे कुणालाही ऐकवत. मंडळाच्या गणपतीसाठी थर्माकोलच्या मखराची वर्गणी मागायला आलेल्या खजिनदाराला, देवळातल्या दानपेटीपुढं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला, आणि एकदा तर टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या नगरपालिकेच्या, भर सभेत, इंग्रजीतून. म्हणताना उजव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा आपटत. रागानं नव्हे. एखाद्या मुलाला त्याच्या शुद्धलेखनातली चूक दाखवावी तसं.

मला त्या पहिल्यांदा दिसल्या त्या अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला, आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये. २००३ सालचा एप्रिल होता आणि चांगलीच थंडी होती. सुती साडी, वर नवऱ्याचं जाडजूड जॅकेट आणि पायात पांढरे स्नीकर्स अशा वेशातल्या साठीपुढच्या एक बाई दोन गाड्यांमधल्या मातीच्या पट्टीत वाकून काहीतरी बघत होत्या. मला वाटलं, कानातलं पडलं असेल.

"काय हरवलं, काकू?"

"हरवलं नाही गं, सापडलंय," त्या वर न बघता म्हणाल्या. "ये, बस इथं. बघ, कुठून वाट काढून आलंय."

ते एक साधं तण होतं. मी नागपूरची, शाळेत गणित शिकवणारी. मला मेथी आणि कोथिंबीर यांपलीकडची पानं ओळखू येत नव्हती. तरी बसले, कारण त्या दिवशी मला दुसरं काही करायचंच नव्हतं. लग्न करून इथं आले ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे राहायची परवानगी होती, नोकरीची नव्हती. नवरा सकाळी आठला ऑफिसला गेला की मी खिडकीतून गाड्या मोजत असे. तुमच्यापैकी त्या काळी जी कुणी अशी खिडकीत बसली असेल, तिला हे निराळं सांगायला नको.

काकूंचं घर मागच्याच रस्त्यावर होतं. त्यांचे यजमान निवृत्त डॉक्टर, सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. त्या रस्त्यावर प्रत्येक घरापुढची हिरवळ न्हाव्यानं भादरल्यासारखी गुळगुळीत होती. काकूंच्या घरापुढं मात्र गुडघाभर गवत. दर उन्हाळ्यात टाउनशिपची नोटीस यायची. एकदा इन्स्पेक्टर स्वतः आला. काकूंनी त्याला आलं घातलेला चहा पाजला, अर्धा तास गवतातून हिंडवलं, आणि तो परत निघाला तेव्हा नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं स्वतःच्या हातानं चारपाच फुलांची नावं उतरवून घेतली होती. दंड मात्र झालाच.

डॉक्टरकाका स्वभावानं भिडस्त. काकू लायब्ररीत गेल्या की ते गुपचूप गवत कापायचा मोअर बाहेर काढायचे आणि कडेची एक पट्टी कापून टाकायचे. "फक्त शेजाऱ्यांच्या बाजूची," मला ओठांवर बोट ठेवून सांगायचे. काकूंना अर्थातच कळायचं. "ह्यांनी आज परत हजामत केलेली दिसतेय," एवढंच म्हणून त्या आत जायच्या.

गवताचं हे वेड कुठून आलं, ते मला त्यांनी बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. काकू पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकल्या होत्या. साठच्या दशकात त्यांना जर्मनीची स्कॉलरशिप मिळाली. तिथं एका खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन त्यांनी दोन उन्हाळे काढले. घरामागं ओलसर जमिनीचं एक मोठं कुरण होतं. तिथं काय उगवतं, कधी फुलतं, कधी सुकतं, हे टिपायचं, आणि त्यावर पीएच.डी. करायची. तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी वडिलांचं पत्र आलं, स्थळ आलंय, परत ये. काकू परत आल्या. पुढं लग्न, अमेरिका, दोन मुलं, आणि एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात तीस वर्षं नोकरी. हे सगळं त्यांनी भाजी निवडता निवडता, आवाज जराही न बदलता सांगितलं.

त्या शेतकऱ्याची आठ वर्षांची मुलगी, हिल्डा, तेव्हा काकूंच्या मागं मागं कुरणात फिरायची. आता तीच ते शेत बघत होती. दर नाताळला तिचं कार्ड यायचं. त्या वर्षी कार्डाऐवजी लांबलचक पत्र आलं. शेतीला सरकारची मोठी मदत आहे, पण ती पिकाला आहे, असं तिनं लिहिलं होतं. कुरण नांगरून मका लावला तर पैसे मिळतात, कुरण तसंच ठेवलं तर जवळजवळ काही नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी नांगरलं. आम्ही किती दिवस थांबू?

त्या पत्रानं काकू पेटल्या. युरोपात निसर्गासाठी काम करणाऱ्या संस्था नेमकी हीच मागणी करत होत्या. लोकांच्या करातून शेतीला जो पैसा जातो तो बंद करू नका, वळवा. कुरणं, ओढे, बांधावरची झुडपं जपणाऱ्याला द्या. काकूंना तर आपलंच वाक्य कुणीतरी मोठ्यानं म्हणतंय असं वाटलं. लायब्ररीत बसून त्यांनी युरोपच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. आणि दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या कॅफेटेरियात, बटाटेवड्याच्या काउंटरशेजारी सह्यांसाठी टेबल मांडलं. जागा विचार करून निवडली होती. वड्याची रांग टाळून कुणाला जाता येत नव्हतं.

"काकू, हे युरोपचं आहे ना?" सॉफ्टवेअरमधला एक जण प्लेट सावरत म्हणाला. "आपल्याला काय करायचंय यार?"

"तू इथं टॅक्स भरतोस?"

"भरतो ना. भरपूर."

"आणि मत देतोस?"

"ग्रीन कार्डचाच पत्ता नाही अजून."

"म्हणजे तुझ्या पैशांचं काय करावं हे तुला कुणी विचारत नाही. तिथल्या लोकांना विचारायची वेळ आलीय, तर त्यांच्या बाजूनं निदान एक सही कर."

त्यानं केली. एक छोटी मुलगी पुढं आली. "आँटी, इज धिस फॉर बटरफ्लाइज?" काकू म्हणाल्या, "येस, फॉर देम ऑल्सो." मुलीनं नाव लिहून त्यापुढं एक फुलपाखरू काढलं. तो कागद फुलपाखरासकट युरोपला गेला. उत्तर म्हणून दोन ओळींची छापील पोच आली. काकूंनी ती फ्रिजवर लावली.

मग हिल्डाचा फोन आला. तिच्या जिल्ह्यात एक नवी योजना निघाली होती. जुनं, पूर्वीपासून न नांगरलेलं कुरण असेल तर ते राखण्यासाठी दर वर्षी पैसे मिळणार होते. पण पुरावा हवा होता. "तू तेव्हा रोज काहीतरी लिहायचीस," ती काकूंना म्हणाली. "ते आहे का अजून?"

होतं. बेसमेंटमधल्या पत्र्याच्या ट्रंकेत, मुलांच्या जुन्या स्वेटरांखाली, पाच वह्या. काकूंनी त्या माझ्यापुढं ठेवल्या. झाडांची शास्त्रीय नावं तेवढी रोमन लिपीत होती, बाकी सगळं मराठीत.

"मराठीत का लिहिलंत?"

"बोलायला कुणी नव्हतं ना," काकू म्हणाल्या. "तुला टायपिंग येतं? इंग्रजीत करून दे मला सगळं. पगार नाही, दुपारचं जेवण मिळेल."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. सकाळी दहाला जायचं, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तक्ते करायचे. तारीख, नाव, जागा, शेरा. शेऱ्यापाशी माझी पंचाईत व्हायची. एका ऑर्किडपुढं काकूंनी नुसतं "नथीसारखं" लिहिलं होतं.

"नथीला काय लिहू?"

"लिही, महाराष्ट्रातल्या बायकांचा नाकातला दागिना. त्यांनाही कळू दे."

मधूनच "आज आईचं पत्र नाही" असंही यायचं. ते टाइप करू का, असं मी विचारलं नाही. केलंही नाही. पण अशी ओळ आली की मी जरा थांबत असे. माझ्याच वयाची एक मुलगी, माझ्यासारखीच घरापासून दूर, पलीकडून बोलतेय असं वाटायचं.

तिसऱ्या वहीत ती ओळ होती. "पूर्वेकडची पट्टी आज नांगरली. हिल्डाचे वडील तिथं बटाटे लावणार. वाईट वाटलं, पण घरात खाणारी माणसं सहा."

हिल्डानं अर्ज सबंध कुरणासाठी केला होता. मी ती ओळ तशीच सोडून घरी आले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "स्किप कर ना. जर्मनीत मराठी वाचणारं कोण बसलंय?"

दुसऱ्या दिवशी मी वही काकूंपुढं धरली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"मी हे साफ विसरले होते," त्या म्हणाल्या.

"काकू, लिहायलाच हवं का? चाळीस वर्षं झाली. आणि ही वही दुसरं कुणी वाचू शकणार नाही."

"तू वाचलीस ना."

काकू बराच वेळ वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"माझ्या हातून आयुष्यात एवढंच एक काम झालं गं," शेवटी त्या म्हणाल्या. "तेही अर्धं. ते तरी खरं असू दे. टाइप कर."

मी टाइप केलं. कागद गेले. हिल्डाचं एका ओळीचं उत्तर आलं, "मिळाले." आणि मग पाच महिने काहीच नाही. नाताळचं कार्डही नाही. काकू रोज दुपारी पोस्टाच्या पेटीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. थंडीआधी डॉक्टरकाका शेवटची पट्टी कापायचे, त्या वर्षी त्यांनी मोअरला हात लावला नाही.

मार्चमध्ये निकाल कळला. कुरण योजनेत घेतलं होतं, पूर्वेची पट्टी सोडून. त्या पट्टीत हिल्डाच्या नवऱ्यानं मका लावायचं ठरवलं होतं. मी चिडले होते तुझ्यावर, हिल्डानं मोकळेपणानं लिहिलं होतं, पण योजनेच्या कचेरीतला माणूस म्हणाला, बटाट्यांची ती नोंद होती म्हणून आम्ही बाकीच्या सगळ्या नोंदींवर विश्वास ठेवला.

काकूंनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला. "शास्त्रानं बघितलं तर मकाही गवतच," त्या म्हणाल्या आणि शिरा करायला उठल्या. त्या दिवशीच्या शिऱ्यात साखर घालायची राहिली. आम्ही तिघांनी तो तसाच खाल्ला.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याची बदली अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला झाली. निघताना काकूंनी माझ्या हातात एक कागद ठेवला. या बाईंनी माझ्याकडे एक वर्ष संशोधन सहायक म्हणून चोख काम केलं, असं इंग्रजीत, खाली सही. मला हसू आलं होतं. पुढं कामाची परवानगी मिळाल्यावर कॉलेजातल्या पहिल्या नोकरीच्या अर्जाला मी तोच कागद जोडला, कारण अमेरिकेतल्या कामाचा दुसरा कुठलाच माझ्याकडे नव्हता.

पुढच्या वर्षी दोघं जर्मनीला जाऊन आले. परत आल्यावर काकूंचा फोन आला.

"नथ दिसली का?" मी विचारलं.

"दिसली की! पण माझे गुडघे मेले वाकू देईनात. मग हिल्डा एवढी धिप्पाड बाई, सरळ पालथी पडली गवतात आणि तिनं फोटो काढला. ह्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मक्याकडं पाठ करून बसले मी दोन तास."

"आणि काका?"

"ते मक्याची कणसं मोजत होते. त्यांना तीच आवडली."

२००८च्या जानेवारीत काकू गेल्या. चार दिवस हॉस्पिटलात होत्या, तेवढंच. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती, मला जाता आलं नाही. डॉक्टरकाकांशी फोनवर बोलले. ते औषधांबद्दल, डॉक्टरांनी कधी काय दिलं त्याबद्दल खूप वेळ सांगत राहिले. मीही ऐकत राहिले. हिल्डाला ईमेलनं कळवलं आणि खाली माझा नंबर दिला.

जूनमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. चँडलरला नऊ वाजले होते, बाहेर ऊन आधीच भाजत होतं. तिच्याकडे संध्याकाळ होती. आम्ही कधी भेटलो नव्हतो, आणि तिचं इंग्रजी माझ्या इंग्रजीसारखंच अडखळत चालणारं. काकूंबद्दल आम्ही दोनचार वाक्यं बोललो. मग ती म्हणाली, "थांब, ऐक," आणि तिनं फोन कुरणाकडच्या खिडकीबाहेर धरला.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग लांब कुठंतरी एक पक्षी बोलला, थांबला, पुन्हा बोलला. मुलीला कडेवर घेऊन मी बराच वेळ ऐकत उभी होते. तो कुठला पक्षी, ते मला कळलं नाही. ज्यांना लगेच फोन लावून विचारलं असतं, त्या आता नव्हत्या.