अण्णांचा क्लेम आणि माझं प्रात्यक्षिक

आता हे कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा मागवलाच आहे, तर ऐका.

अण्णा म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर आणि मी त्यांचा प्लॅनिंग इंजिनिअर. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, याचं वेळापत्रक मी कॉम्प्युटरवर मांडायचं. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला आम्ही एका ट्रस्टचं भक्तनिवास बांधत होतो.

भक्तनिवास म्हटल्यावर मुहूर्त आलेच! पितृपक्षात स्लॅब नको, अमावास्येला नको, आणि विश्वस्तांच्या गुरुजींनी पुन्हा पंचांग उघडलं, की काल ठरलेली तारीखही नको. तारीख हलली की माझं वेळापत्रक नव्यानं. करारात मात्र कलम होतं, की ट्रस्टच्या सांगण्यावरून वेळापत्रक बदललं, तर त्या जादा कामाचा खर्च ट्रस्टनं द्यायचा.

अण्णांनी क्लेम ठोकला. त्यात 'तज्ज्ञ इंजिनिअरची अहोरात्र मेहनत' हे शब्द माझेच.

"एवढा क्लेम पास करून आण," अण्णा म्हणाले, "तुला प्लॅनिंगचा हेडच करतो. केबिन, एसी, लय थाटात!"

मीटिंगला विश्वस्त होते, आणि ट्रस्टतर्फे बोलायला देवधर मॅडम. काय बाई हो! सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही, आणि अख्खा करार तोंडपाठ. मी तर बसल्या बसल्या त्यांचा भक्त झालो.

"हे वेळापत्रक तुम्ही केलंत?" मॅडम म्हणाल्या. "इतकं देखणं काम मी क्वचित पाहिलंय."

झालं! विरघळलो ना मी! अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, घरी माझ्या पोह्यांनासुद्धा कोणी बरं म्हटलेलं नाही.

"पण तारीख बदलली की तुमचे फार हाल होत असतील, नाही?"

'हो मॅडम, कंबर मोडते!' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला कौतुकाची चटक लागली होती.

"छे हो! हाल बाकीच्यांचे. मी सगळी कामं अशी गुंफलीत, की एक तारीख बदला, पुढच्या आपोआप सरकतात!"

"आपोआप? अशक्य!"

अशक्य? मला? मी लॅपटॉपच त्यांच्याकडे फिरवला. तेवढ्यात टेबलाखाली पायावर काहीतरी पडलं. अण्णांचा बूट! मला वाटलं, शाबासकी.

"दुसरा स्लॅब दसऱ्यानंतर न्या बरं."

टक्! नेला.

"आता परत आधी आणा."

टक्! आणला. विश्वस्तांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बूट आणखी जोरात दाबला गेला.

"अण्णा, पाय आवरा ना जरा," मी चारचौघांत म्हणालो. "माझं लक्ष विचलित होतंय!"

"म्हणजे एका बदलाला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही?" मॅडमनी विचारलं.

"चहा? मॅडम, तो कपात ओतेपर्यंत काम फत्ते!"

"वा!" मॅडमनी अलगद फाइल मिटली. "मग अण्णा, या क्लेममधली अहोरात्र मेहनत कोणाची?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. क्लेम साफ नामंजूर! पण खरं सांगू? राग आलाच नाही मला. हसत हसत, दोन गोड शब्दांत, बाईंनी माझ्याच हातून माझा क्लेम कापून घेतला. मानलं बुवा!

परतताना गाडीत अण्णा माझ्यावरचा राग हॉर्नवर काढत होते. द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि माझा फोन वाजला. देवधर मॅडम!

"तुमच्या कामाचं कौतुक मी मनापासूनच केलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नोकरीला येता का?"

छाती फुगली की माझी! म्हटलं, आता अण्णा घाबरणार, हात धरणार, हेड करणार.

"अण्णा," मी जरा भाव खात म्हणालो, "मॅडम मला ट्रस्टमध्ये बोलावतायत. काय करू?"

दिवसभरात पहिल्यांदा अण्णांचा चेहरा उजळला.

"जा! आत्ता जा, इथंच उतर! फक्त इथून पुढं मीटिंगला त्यांच्या बाजूनं तूच बसत जा. आपला सगळा क्लेम व्याजासकट वसूल होतो का नाय बघ!"