एकोणीस तारखेला संपणारं इंटरनेट

पंचवटीतली भाड्याची जागा सोडून आम्ही म्हसरुळच्या पलीकडे नव्या घरात राहायला गेलो, तेव्हा आमच्या गल्लीत केबलचं इंटरनेट आलेलं नव्हतं. खांब कुणाच्या प्लॉटच्या कडेला रोवायचा यावरून दोन प्लॉटवाल्यांचं फाटलं होतं, आणि त्यांचं जुळेपर्यंत आम्ही सिम घालायचा राउटर वापरायचा असं ठरलं. महिन्याला दीडशे जीबी मिळायचे. ते संपले की इंटरनेट पूर्ण बंद व्हायचं नाही, पण इतकं मंद व्हायचं की नुसता एक फोटो उघडेपर्यंत चहा निवायचा.

घरात आम्ही तिघं. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, आई आणि मी. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शिवाय संध्याकाळी पाच ते सात बारावीच्या मुलांचा गणिताचा वर्ग घरूनच ऑनलाइन घेते. तिघांना दीडशे जीबी म्हणजे चैन, असं मी राउटर आणला त्या दिवशी दोघांना सांगितलं होतं.

पहिल्याच महिन्यात एकोणीस तारखेला डेटा संपला. मी तेव्हा संभाव्यता शिकवत होते. ‘म्हणजे ही घटना घडण्याची शक्यता अत्यंत’ एवढं म्हणाले आणि पडद्यावर उघड्या तोंडाने थिजले. पोरांनी त्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सहकाऱ्यांपर्यंत तो फोटो पोचला होता, कारण एका विद्यार्थिनीची आई आमच्याच स्टाफरूममध्ये बसते.

त्या रविवारी नाश्त्याला मी वही घेऊन बसले. म्हटलं, अंदाज काढायचा. माझे वर्ग आणि बाकीचं काम धरून महिन्याला पंचेचाळीस. बाबांचं क्रिकेट, बातम्या आणि धरणाचे व्हिडिओ. हो, धरणाचे व्हिडिओ. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की कुणी ना कुणी चित्रण टाकतंच, आणि बाबा ते संपूर्ण बघतात, वर ‘हा दरवाजा दोन इंच जास्त उचललाय’ असं पुटपुटतात. त्यांना चाळीस दिले. फोनची आपोआप होणारी अपडेट वगैरे दहा.

“आई, तुझं काय?”

आई पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. “माझं काय असणार? दोन लोकांचं सुप्रभात येतं, दोघांना मी पाठवते.”

तिला मी पाच जीबी दिले आणि वर म्हणाले, हे सुद्धा जास्तच आहेत. एकूण शंभर झाले. म्हणजे पन्नास उरायला हवे होते.

“मग गेले कुठे?” बाबा म्हणाले.

“कुणीतरी चोरतंय,” मी म्हणाले. समोरच्या अर्धवट बांधलेल्या बंगल्यावर चार कामगार राहायचे, दिवसभर त्यांच्या फोनवर गाणी चालू असायची. मी राउटरचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड बाबांनी सुचवला, तो त्यांनाच तिसऱ्या दिवशी आठवेना. पुढच्या महिन्यात डेटा वीस तारखेला संपला. त्या कामगारांविषयी मी मनात जे जे आणलं होतं त्याची मला लाज वाटली. पुढे कळलं की त्यांच्याकडे मेमरी कार्डात भरलेली गाणी होती.

तिसऱ्या महिन्यात मी कडक झाले. फोटो आपोआप वर चढायचं बंद केलं. अपडेट बंद केली. बाबांच्या क्रिकेटची स्पष्टता दोन पायऱ्या खाली आणली.

“अगं, चेंडू दिसत नाही,” बाबांनी तक्रार केली. “नुसती माणसं सैरावैरा पळताना दिसतात.”

“धावफलक दिसतो ना?”

“धावफलकच बघायचा तर पेपर काय वाईट?”

एवढं करून त्या महिन्यात बावीस तारीख गाठली. तीन दिवसांची कमाई. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या घरात शंभरचा अंदाज दीडशे खाऊन जातो आणि का ते कळत नाही, हे मला फार लागलं होतं. मी वहीत आकडे पुन्हा पुन्हा मांडायचे. अंदाज चुकला तर चुकला, पण इतका? आणि दर महिन्याला एकाच बाजूला?

मग बाबांनीच एक दिवस वही मिटली. म्हणाले, “असं बसून कळत नाही. आमच्याकडे शेताकडे जाणाऱ्या चारीत पाणी कमी पडलं, की शेतकरी म्हणायचे, वरचा चोरतो. वरचा म्हणायचा, कालवा गळतो. आम्ही काय करायचो? सगळी दारं बंद करायचो आणि एकेक उघडून मोजायचो. तू सगळे फोन बंद कर आणि एकेक चालू कर.”

हे मला सुचायला हवं होतं. पण मी ते मान्य केलं नाही, नुसतं “बघू” म्हणाले.

कॉलेजच्या परीक्षा संपून मला आठवडाभर सुट्टी लागली, त्यातल्या सोमवारी आम्ही मोजणीला बसलो. सकाळचे दहा वाजले होते. माझा लॅपटॉप बंद, माझा फोन बंद, बाबांचा फोन बंद. राउटरचा आकडा बघायला तेवढा बाबांचा जुना टॅब ठेवला. बाबा घड्याळ घेऊन सोफ्यावर ताठ बसले होते, जणू आत्ता पाणी सुटणार. अकरा वाजता आकडा पाहिला. तासाभरात सहाशे एमबी गेले होते. सगळं बंद असताना.

“गळती आहे,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज आलं होतं.

“आईचा फोन राहिला,” मी म्हणाले, पण उगीच. तिच्या पाच जीबीवर माझा अजून विश्वास होता.

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आई ओट्याकडे पाठ करून खाली बसली होती, मेथी निवडत. तिचा फोन ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकवून उभा होता. पडद्यावर एक पत्र्याचं छत, अर्धी खिडकी आणि एका बाईची पाठ दिसत होती. बाई भाकरी थापत होती. आई बोलत नव्हती, ती बाईही बोलत नव्हती. मेथीच्या काड्या मोडल्याचा आणि तिकडून थापण्याचा, एवढाच आवाज.

मग ती बाई वळली आणि फोनमधून ओरडली, “आक्का, दूध!”

आई टुणकन उठली आणि गॅस बंद केला. दूध पातेल्याच्या काठापर्यंत येऊन थांबलं. आई पुन्हा खाली बसली आणि मेथी निवडू लागली. झाल्या प्रकाराबद्दल दोघींपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

ती माझी मावशी होती. आईची धाकटी बहीण, चांदवडला असते. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा परदेशात. घराशेजारी कांदे साठवायची चाळ, मागे थोडी शेती, ती वाट्याने दिलेली. एवढ्या घरात ती एकटी. तिथे मुलाने केबलचं, कसलीच मर्यादा नसलेलं इंटरनेट घेऊन दिलं होतं. आम्ही नाशिक शहरात राहून जीबी मोजत होतो आणि चांदवडला मावशीकडे ते धो धो वाहत होतं.

“हे कधीपासून चालू असतं?” मी विचारलं.

“सकाळी तू गेलीस की,” आई म्हणाली. “नऊला लावतो. एकला जेवायला बंद. मग चारला चहा झाला की परत, सातपर्यंत. रविवारी नाही, रविवारी तिच्या मुलाचा फोन असतो.”

“रोज सात तास?”

“बोलत कुठे असतो आम्ही?” आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. “बोललं तर जाईल ना डेटा. आम्ही तर गप्पच असतो.”

बाबांना हसू आवरेना. ते मागे वळून हॉलमध्ये गेले. रोज पाणी प्यायला येता-जाता त्यांनी तो उभा फोन पाहिला होता, पण आई पाककृती बघत असेल असं त्यांनी धरलं होतं. मी आईला समजावलं की गप्प बसलं तरी चित्र जात-येत असतं, आणि चित्रालाच जास्त लागतं. पलीकडून मावशीही ऐकत होती.

“मंग आमच्यापायी तुझा वर्ग बंद पडत व्हता का गं?” ती म्हणाली. “लय वाईट झालं. बंद कर आक्का, बंद कर.”

आणि फोन बंद झाला. स्वयंपाकघर एकदम रिकामं वाटलं.

आईने मग मेथी निवडता निवडता सांगितलं. काका गेल्यावर मावशी चूल पेटवायचीच नाही. फोनवर विचारलं तर “जेवले” म्हणायची, आणि खाल्लेली असायची शिळी भाकरी आणि चटणी. शेवटी आई वैतागून म्हणाली, फोन समोर ठेव, काय करतेस ते मला दिसू दे. तेव्हापासून मावशी रोज दोन वेळा स्वयंपाक करू लागली. “मी तिच्यावर लक्ष ठेवते,” आई म्हणाली. “तिला वाटतं, आक्काला करमत नाही म्हणून लावते.”

मी मधला मार्ग काढला. चित्र नको, नुसता आवाज. आवाजाला डेटा नगण्य लागतो. दोघींनी निमूटपणे मान्य केलं. पण नुसत्या आवाजात गप्प बसता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुणी बोललं नाही की दुसरी “हॅलो, हॅलो” करायची. म्हणून दोघी बोलत राहिल्या. पहिल्या दिवशी नातेवाईक संपले. दुसऱ्या दिवशी दुखणी संपली. तिसऱ्या दिवशी माहेरचा पितळी डबा नक्की कुणाला मिळायला हवा होता यावर गाडी गेली आणि आईने फोन ओट्यावर पालथा घातला. चौथ्या दिवशी दोघींपैकी कुणी फोनच लावला नाही. आईने भाजीत दोनदा मीठ घातलं.

“चालू कर तुझं चित्र,” बाबा जेवता जेवता म्हणाले.

“मग बावीस तारखेला काय करायचं?”

बाबांनी हात धुतले, माझीच वही घेतली आणि लिहायला लागले. “धरणात पाणी कमी असलं की आम्ही आधी काय करायचो? पिण्याचं पाणी राखून ठेवायचो. त्याला हात लावायचा नाही. मग शेती. मग बाकीचे.” त्यांनी पहिल्या ओळीत ‘स्वयंपाकघर’ लिहिलं. दुसऱ्या ओळीत माझा वर्ग. तिसऱ्या ओळीत क्रिकेट लिहिलं, थोडं थांबले आणि त्यापुढे कंसात ‘उरलं तर’ असं लिहिलं. धरणाचे व्हिडिओ त्यांनी यादीत घेतलेच नाहीत.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि बडीशेप शोधायला उठले.

कॉल करताना डेटा कमी वापरायचा पर्याय दोन्ही फोनमध्ये लावायचा होता. आईचा लगेच लावला. मावशीला फोनवर सांगून ते जमेना, तिला पडद्यावर नुसतं ‘गोल गोल काहीतरी’ दिसत होतं. शनिवारी मी आडगाव नाक्यावरून बस पकडली आणि चांदवडला गेले.

मावशीने फोनसाठी एक स्टूल ठेवलं होतं. फोनला पीठ लागू नये म्हणून खाली रुमाल. फोनमध्ये आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, अगदी तेलाच्या बरणीच्या उंचीवरून. मी आमचं घर असं कधी पाहिलं नव्हतं. आई कांदा चिरत होती. एवढ्यात बाबा आत आले, इकडे तिकडे पाहिलं, एक डबा उघडला, तोंडात काहीतरी टाकलं आणि निघून गेले.

“दिवसातून तीनदा येतात दाजी,” मावशी आवाज खाली आणून म्हणाली. “गोड बंद हाय ना त्यांचं? मी आक्काला सांगत नाय. उगाच वाद नको.”

मी पर्याय लावून दिला. चित्र थोडं धूसर झालं. “चालंल,” ती म्हणाली. “गॅस दिसतो ना? मंग झालं.”

“गॅस कशाला?”

“आक्का विसरती.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “नव्या घरात गेल्यापासून दोनदा पातेलं जाळलं तिनं. तू कामावर, दाजी बाहेरच्या खोलीत. म्हणून मी म्हणलं, राहू दे फोन चालू, मी ध्यान ठिवते. तिला वाटतं, मला एकटीला करमत नाय म्हणून लावते.”

दोघींचं चाललं होतं ते ठीकच चाललं होतं. जेवून मी मावशीबरोबर चाळीतले कांदे निवडायला बसले. चारला फोन लागल्यावर आम्ही तो बाहेर आणून ओसरीच्या खांबाला टेकवला. तिकडे आई कपड्यांच्या घड्या घालत होती. पाच वाजत आले, कुणीच काही बोललं नव्हतं.

त्या महिन्यात डेटा एकोणतीस तारखेला दुपारी संपला. माझा अंदाज अठ्ठाविसाचा होता, म्हणजे पहिल्यांदाच मी बरोबरच्या जवळपास होते. तीस तारखेचा एकच दिवस उरला होता. मी वर्ग कॉलेजच्या संगणक खोलीतून घेतला. बाबा वाचनालयात जाऊन बसले. आई सकाळीच डबा घेऊन चांदवडच्या बसमध्ये बसली.

संध्याकाळी ती हातात जड पिशवी घेऊन परत आली आणि चप्पल काढायच्या आत सुरू झाली. “फोनमध्ये तिच्या खोलीची एकच बाजू दिसते. दुसऱ्या बाजूला लोणच्याच्या तीन बरण्या घातल्यात तिने! तीन! कैऱ्या चिरल्या, मीठ लावलं, मसाला भाजला, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही.”

“मग?” बाबांनी विचारलं.

“मग काय,” आई पिशवीतून बरणी काढत म्हणाली, “एक घेऊन आले.”