गव्हाचा सडवा

"ताई, आजी गेली," भाऊ फोनवर म्हणाला, आणि मी क्षणभर गोंधळले. आमच्या दोन्ही आज्या आम्ही लहान असतानाच गेल्या होत्या. मग लक्षात आलं, हा रशियातल्या म्हातारीबद्दल बोलतोय.

माझा धाकटा भाऊ तिकडे डॉक्टरकी शिकायला होता. सुरुवातीला वसतिगृहात आणि मग शेवटपर्यंत त्या बाईंच्या घरात, भाड्याच्या खोलीत. बाई एकट्याच होत्या. नवरा गेलेला, एकुलता मुलगाही तरुणपणी गेलेला. भावाला न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांनी त्याला चमच्याने सूप भरवलं होतं. तो त्यांना त्यांच्या भाषेत आजीच म्हणायचा.

शिकून तो परत आला. पण बाहेरून शिकून आलेल्यांना इथे डॉक्टर व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागते, आणि ती काही त्याला निघेना. बसायचा आणि नापास व्हायचा. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. पोरगा डॉक्टर होऊन आला म्हणून त्यांनी कॉलनीभर पेढे वाटून टाकले होते. पुढे ते भावाशी बोलेनासे झाले. भांडण असं काही नव्हतं. जेवताना आईला म्हणायचे, "त्याले भाजी वाढ." तो त्यांच्या समोरच बसलेला असायचा.

फोननंतरच्या रविवारी मी महाल भागातल्या माझ्या घरून स्कूटीने माहेरी गेले. भाऊ मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. दोरीवरच्या कपड्यांवर वीज केंद्राच्या राखेचा थर बसला होता, तो झटकायचंही कोणाला सुचलं नव्हतं. त्याला भेटायला कोणी आलं नव्हतं. येणार तरी कोण? शेजाऱ्यांना काय सांगायचं, आमच्याकडे कोण गेलं म्हणून?

आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मला बघून म्हणाली, "घरमालकीण होती ना वं ते त्याची? दोन दिवसांपासून अन्नाले शिवून नाही राहिला. मी तर जित्ती आहो अजून!"

आईलाही दुखत होतंच. तिच्या पोराला आजारपणात दुसऱ्या कोणी भरवलं, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

संध्याकाळी भावाने आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडे माणूस गेलं की फोटोपुढे पेलाभर दारू ठेवतात, त्यावर पावाचा तुकडा झाकतात. चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात. आजी दरवर्षी मुलगा गेल्याच्या दिवशी असा पेला ठेवायच्या, आणि त्यासाठी दारू बाजारातून आणायच्या नाहीत. घरी धान्य भिजवायच्या. त्यांचा खांदा दुखायचा, म्हणून पातेलं हा ढवळायचा.

"तिच्यासाठी कोणी ठेवणार नाही, आई," तो म्हणाला. "तिचं कोणीच नाही. मले करू दे."

"दारू? या घरात?"

"हो."

"काहून? दुकानात मिळत नाही का?"

"तिने केलेली विकतची नसायची."

आई उठून आत गेली. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा मोरीजवळ ओल्या गोणपाटाखाली गहू मोडायला ठेवलेले होते आणि आई त्यावर पाणी शिंपडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्याच्याने होते का हे? पहिले गहू कुजवले त्याने. उन्हाळ्याचं पाणी किती द्या लागते, त्याले काय मालूम?"

मोड आलेले गहू वाळवून भरडले. मोड न आणलेल्या गव्हाच्या भरडीची भावाने मोठ्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, लापशी शिजवली, कोमट होऊ दिली आणि मोडाची भरड त्यात कालवली. बघता बघता ती घट्ट लापशी पातळ झाली. त्याने मला बोटावर चाखायला दिली. साखरेचा कण घातला नव्हता, तरी गोड लागत होती. पार निवल्यावर त्यात बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं आणि गंजाला कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी गंज बोलायला लागला. कान लावला की आत बारीक बुडबुडे फुटताना ऐकू यायचे.

मग वास सुटला. आंबट, जड, घरभर.

बाबा पेपर बाजूला ठेवून आईला म्हणाले, "दारूचा सडवा लावला का घरात? रोज छापून येते, इतका सडवा पकडला, नष्ट केला. आता आपला फोटो येऊ दे!"

"येऊ द्या," आई म्हणाली. "पोरगं जेवून तर राहिलं."

ते खरं होतं. सडवा लावल्यापासून तो दोन घास खाऊ लागला होता. सकाळी उठून आधी गंजाचं कापड सोडून बघायचा. घरी दारू काढणं गुन्हा आहे, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. मी बँकेत नोकरी करणारी बाई, मलाही भीती वाटत होती. तरी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी मीच आणून दिली.

चाळिसावा दिवस आला. मी रजा काढून गेले. दुपारी, गल्ली झोपलेली असताना, भावाने मागच्या अंगणात जुन्या कुकरमध्ये सडवा गाळून घेतला, शिटी काढून तिथे नळी बसवली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि आच अगदी मंद ठेवली. पहिली धार त्याने मातीत ओतून दिली. ती विषारी असते म्हणाला. नंतर थेंब थेंब करत थोडीशी जमली. आईने वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "हे तर इंजेक्शनच्या कापसावानी आहे गा!"

फोटो मोबाइलवरून छापून आणला होता. डोक्याला रुमाल बांधलेली, जाड भुवयांची बाई, किंचित रागावल्यासारखी. भावाने त्यापुढे स्टीलचा पेला ठेवला. पाव आणायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. आई आत गेली, तव्यावरची गरम पोळी घेऊन आली आणि चतकोर मोडून तिने स्वतःच्या हाताने पेल्यावर झाकली.

आजी गेल्याचं जिने कळवलं होतं, त्या शेजारणीला भावाने व्हिडिओ कॉल लावला, पेला दाखवायला. त्याला रशियन बोलताना आम्ही घरच्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं. तो भरभर बोलत होता, हातवारे करत होता, मध्येच हसलासुद्धा. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. पोराकडे असे बघत होते जणू तो पाहुणा आहे.

मग ती शेजारीण काहीतरी लांबलचक बोलली, आणि भावाचे हातवारे थांबले. एक-दोन शब्द बोलून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणे ते?" आईने विचारलं.

तो पायरीवर जाऊन बसला. मग म्हणाला, "विचारत होती, दवाखाना कसा चालू आहे. आजी सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगायची म्हणे, माझा पोरगा तिकडे मोठा डॉक्टर आहे, त्याले फोन कराले टाइम नाही भेटत."

"असं तिले कोणी सांगितलं?"

"मीच," भाऊ म्हणाला. "पहिल्यांदा नापास झालो तेव्हा. मग खोटं बोला लागते म्हणून फोनच बंद केला. वाट पाहत होती ते."

तो रडायला लागला. फोन आला त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाबा दारातून खाली उतरले. पायरीवर त्याच्या शेजारी बसले आणि कितीतरी महिन्यांनी थेट त्याच्याशी बोलले.

"मी बी लोकाईले तेच सांगतो," ते म्हणाले.

दोघं ऊन कलेपर्यंत तिथेच बसून होते.

त्यानंतर भावाने परीक्षेचा नाद सोडला. आता तो जवळच्या खापा गावातल्या एका खाजगी दवाखान्यात आहे. पेशंटची नावं घेतो, बीपी बघतो, डॉक्टरांनी सांगितलेलं समजावून सांगतो. खेड्यावरची माणसं त्यालाच डॉक्टर म्हणतात. "डॉक्टर आत आहेत, काका," तो म्हणतो, आणि मला ते ऐकवत नाही. आजींचं घर विकलं गेलं. शेजारीण मुलीकडे राहायला गेली. त्या गावात आता त्याच्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही.

त्या वर्षी सर्वपित्रीला आईने एक पान जास्तीचं वाढलं. पाणी सोडताना थांबली आणि भावाकडे वळली.

"नाव काय होतं गा तिचं?"

इतक्या वर्षांत हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं. आईने म्हणून पाहिलं, जमलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान पोराला शिकवावं तसं. आईने तोडत मोडत ते म्हटलं आणि पाणी सोडलं.