आ करा, आक्का

मी सिद्धेश्वराकडे एक खूण मागितली होती. साधीशी. पिंडीवरचं बेलाचं पान घसरावं, घंटा आपोआप हलावी, गेला बाजार एखादी पाल तरी चुकचुकावी. देवाने नर्स पाठवली. तीही कशी, तर चपलेत सराटा रुतावा तशी. काढायला वाकलं की आणखी आत जाणारी. आज लिहायला बसले तरी माझा राग पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे कृपा येणार आहे, पण ती तिच्या पायांनी येईल. आधी माझा वैताग ऐका.

मी बोलते. तसे सगळेच बोलतात, पण जुळे सोलापुरात मी तोंड उघडलं की होटगी जंक्शनात मालगाडी शिट्टी समजून निघते, असं आमचे मालक म्हणतात. ते तिथेच रेल्वेत नोकरीला होते, त्यांना ठाऊक असणार. कॉलनीतल्या महादेवाच्या देवळात आमचं महिला भजनी मंडळ आहे. तिथे माईक आहे, पण मी गायला बसले की वीज वाचवायला तो बंद करतात. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून. त्यामुळे मराठीत बोलून दमले की कानडीत बोलून विसावा घेते. अशा बाईच्या जिभेला, डाव्या कडेला, मोडक्या दाढेजवळ एक चट्टा उठला. लोणची घालायच्या दिवसांत आला आणि पावसाळा लागला तरी जाईना. मध लावला, तुरटी लावली, पेरूचा पाला चावला, साजूक तूप तर इतकं लावलं की त्यात बेसनाचे लाडू झाले असते. त्यात माझी मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची, ही माहेरची सवय. आईने दिलेल्या स्त्रीधनातलं तेवढंच टिकलं होतं. शेंगाचटणीचा कण लागला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि कळ थेट कानात जायची. कुणाला सांगितलं नाही. जिभेचं काही वाईट निघालं तर जीभ कापतात, एवढं ऐकून होते. देवाने हात मागितला असता तर दिला असता, उजवासुद्धा. पण जीभ गेल्यावर माझ्यात उरतं काय, हे मला सांगता येईना. नेमकं तेच मोठ्याने विचारायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात श्रावण लागला आणि मला युक्ती सुचली. सोमवारी भजनाला गेले आणि खुणेने सांगितलं, मौन धरलंय. गाता येत नव्हतं हे झाकायला त्याहून सोज्वळ पांघरूण कुठलं मिळणार होतं. पहिल्या दिवशी मालकांनी मला ताप आलाय का ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरात टिकटिक ऐकू आली तेव्हा ते म्हणाले, "हे घड्याळ चालतंय की. मला वाटत होतं, बंद आहे." सोमवारचं मौन मंगळवारवर गेलं, मग आठवड्यावर, मग अख्खा श्रावण मी गप्प. आणि इथून सगळं माझ्या हाताबाहेर गेलं. शेजारच्या सुलभाताई, ज्या माझ्या बोलण्यामुळे खिडक्या लावून घ्यायच्या, त्या येऊन पाया पडल्या. सोसायटीचा वॉचमन मला बघून चपला काढायला लागला. एक बाई मुलीच्या स्थळाचं विचारायला आली. नेमकी तेव्हाच कानात कळ आली, मी मान झटकली, तिने तो होकार धरला आणि लग्न ठरवून मोकळी झाली. मुलगी सुखात आहे, माझ्या नावाने दर महिन्याला नारळ येतो. जन्मभर मी भजनं गायले तेव्हा कुणी मला साधी वेलची दिली नव्हती. तोंडात दुखतंय म्हणून गप्प बसले तर संत झाले. आपल्या लोकांना एवढंही कळू नये, याचा मला आतून संताप यायचा आणि तो बोलून दाखवता येत नव्हता म्हणून दुप्पट व्हायचा.

अशा एका सोमवारी देवळाच्या हॉलमध्ये कॅन्सर तपासणीचं शिबिर लागलं. एका इस्पितळातून दोघी-तिघी आल्या होत्या. आमच्या रांगेला जी सिस्टर होती ती तिशीची, होटगीकडची, बांधा काटक आणि आवाज माझ्या तोडीचा. नाव लक्ष्मी. हातात टॉर्च, लाकडी पट्टी आणि पांढरे हातमोजे. बायका लाजत, पदर सावरत तोंड उघडत होत्या, ती गालाच्या आत, जिभेखाली बघत होती आणि पुढे ढकलत होती. माझी पाळी आली.

"आक्कांचं मौन चाललंय सिस्टर," सुलभाताई हात जोडून म्हणाल्या. "श्रावण लागल्यापासून एक शब्द नाही. साक्षात तप आहे."

"असू दे की तप. मला कुटं त्यांचं गाणं ऐकायचंय? नुसती जीभ बघायची हाय. आ करा, आक्का."

मी ओठांवर बोट ठेवलं आणि नजर वर, छताच्या पंख्याकडे लावली. एवढ्यावर आजवर सगळे विरघळले होते.

"मौनात बोलायचं नसतं," ती म्हणाली. "तोंड उघडायला मनाई हाय व्हय?"

मंडळातल्या बायकांनी जिभा चावल्या. त्यांच्या जिभा धडधाकट होत्या, त्यांना चावता येत होत्या. मी माझं पूजेचं ताट उचललं आणि साध्वीचा अपमान झाल्यावर ती जशी जाईल तशी निघून आले.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात तीच. पत्ता सुलभाताईंनी दिला, आणखी कोण देणार. मालकांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मी देवघरात बसलेली असताना ती बाहेरून मोठ्याने बोलू लागली. "काका, परवा देवळात आक्कांनी तीर्थ घेतलं तवा मान एका अंगाला कलती केली. प्रसादाचं केळं चावलं न्हाई, नुसतं चिरडून गिळलं. आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. आत काही असल्याबिगर तीर्थानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत न्हाई." सुलभाताईंनी त्याच पाण्याला भक्तीचे अश्रू म्हटलं होतं आणि आपल्या पदराने टिपलं होतं. मी आरतीची घंटा उचलली आणि वाजवत बसले. ती बोलत राहिली, मी वाजवत राहिले. शेवटी ती गेली, पण जाताना घंटेच्या वर आवाज चढवून म्हणाली, "आक्का, घंटेनं चट्टा जात न्हाई." मालक देवघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी रात्री त्यांनी माझ्या ताटात शेंगाचटणी वाढली आणि माझ्याकडे बघत बसले. मी ताट सारलं. त्यांनीही जेवण केलं नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी सिद्धेश्वराला गेले. तळ्याच्या मधोमध असलेलं ते देऊळ, त्या दिवशी तिथे माणूस माणसाला चिकटलेला. शेजाऱ्याने श्वास सोडला तरच आपल्याला घेता यावा अशी गर्दी. पिंडीसमोर दोन पळं मिळाली. मी मनात म्हटलं, देवा, सगळं तुझ्यावर सोपवलंय. जिभेत काही वाईट असेल तर खूण दे. नसेल तर गप्प बस. मला वाटलं, मोठा चतुर सौदा केला. देव गप्प बसण्यात फार जुना आहे. खरंच काही झालं नाही. पान हललं नाही, घंटा वाजली ती माणसांनीच वाजवली. मी सुटकेचा श्वास टाकून वळले, तर मागे हिरव्या साडीतली, केसांत गजरा घातलेली एक बाई बेलाची पानं घेऊन उभी. मी ओळखलंही नसतं. तिने मात्र मला ओळखलं.

"आक्का," ती म्हणाली, "आ करा की."

अख्खं सोलापूर तिथे लोटलेलं आणि माझ्या पाठीमागे नेमकी हीच. मी तिच्याकडे बघितलं, मग देवाकडे बघितलं. तो शांत. ती म्हणाली, "तुमच्या मागं न्हाई आले हो. सुट्टी असली की सोमवारी येते मी." हे खरं असणार. गर्दीत कोण कुणाच्या मागे उभं राहतं याला काही अर्थ असतो की नाही, यावर मी वाद घालणार नाही. मला वाद घालायला फार आवडतं, तरी नाही.

आम्ही तळ्याकाठच्या पायऱ्यांवर बसलो. ती माझ्यावर रागावेल, भीती घालेल असं वाटलं होतं. ती गजऱ्यातलं एक फूल कुस्करत म्हणाली, "मी कॅन्सरच्या वॉर्डात काम करते, आक्का. तितं येतात ती माणसं म्हणतात, दुखत नव्हतं म्हणून थांबलो, सण झाल्यावर बघू म्हणलं. मग मी त्यांचा हात धरून बसते. दुसरं काय करणार? शिबिरात मला वाटतं, हितं तरी माझ्या हातात काहीतरी हाय. तुमी ताट घेऊन गेलात ना, मला त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाई."

तिथे माझ्या ध्यानात आलं की महिनाभर मी 'सगळं तुझ्यावर सोपवलं' म्हणत होते आणि जबडा मात्र तिजोरीसारखा आवळून धरला होता. सोपवणं असं असतं का? गुंडाळी करून, गाठ मारून, वर आपणच बसून? मला माझीच इतकी चीड आली की तिच्या जोरावर तोंड उघडलं. श्रावण लागल्यापासूनचा माझा पहिला शब्द होता, "बघ."

तिने मोबाईलचा टॉर्च लावला, रुमालाने जीभ धरून बाजूला केली, जबड्याखाली बोटांनी चाचपलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. टॉर्च बंद केला, पण माझा हात सोडला नाही. "उद्या ओपीडीला या. मी दारातच असते."

ती दारात होती. पुढचं भराभर सांगते, कारण त्यात मी शूर नव्हते. जिभेचा बारीक तुकडा काढून तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, वेळेत सापडलाय, कडेचा भाग काढावा लागेल. मी फक्त एकच विचारलं, बोलता येईल का? डॉक्टर म्हणाले, येईल, थोडं वेगळं. मला ते 'थोडं' ऐकू आलं नाही, 'वेगळं' तेवढं ऐकू आलं. लक्ष्मी सिस्टर मागे उभी होती. म्हणाली, "येईल की. न बोलून जातात कुटं? मी हाय."

ऑपरेशननंतर नाकात नळी, मानेतल्या गाठी तपासायला काढल्या तिथे टाके, तोंडात कापूस भरल्यासारखं. आता खरं मौन आलं आणि त्याच्या पाया पडायला कुणी आलं नाही. धरलेलं मौन आणि वाट्याला आलेलं मौन यांत काय फरक असतो, ते मला त्या खाटेवर कळलं. पहिल्यात माणूस स्वतःवर खूश असतो. मालकांनी घरून माझे टाळ आणून दिले होते, सिस्टरला हाक मारायची सोय म्हणून. मी पहिल्यांदा वाजवले तेव्हा समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी झोपेतच हात जोडले, वरच्या मजल्यावरून एकजण प्रसादाला खाली आला आणि लक्ष्मी सिस्टरने ते टाळ जप्त केले. पण ती येत राहिली. नळीतून दूध घालायला, टाके बघायला, जीभ वर-खाली, उजवीकडे-डावीकडे हलवून घ्यायला. भीतीने माझे पाय गार पडले की ती पायांवर चादर ओढायची आणि भीतीबद्दल एक शब्द काढायची नाही.

मग एके सकाळी म्हणाली, "बोला, आक्का." मला धीर होईना. बोललेच नाही तर निदान कळणार तरी नाही, की आपल्याला बोलता येत नाही. तोच जुना जबडा, तीच तिजोरी. ती खाटेवर टेकून बसली. "आ केला होतात ना तळ्यावर? तसंच." मी तोंड उघडलं आणि निघाले ते शब्द म्हणजे विडा तोंडात धरून कुणीतरी कानडी बोलतंय असे. मी लाजून थांबले. ती म्हणाली, "अजून बोला." जन्मल्यापासून मला सगळ्यांनी 'पुरे कर की गं' म्हटलं. आईने, मास्तरांनी, सासूने, माईकवाल्याने. 'अजून बोला' म्हणणारं पहिलं माणूस मला त्या वॉर्डात भेटलं. मग मी बोलले. मालगाडी, लोणचं, घंटा, स्थळ विचारणारी बाई, सगळं सांगितलं, थोडी भर घालून. लाळ गळत होती, ती पुसत होती आणि म्हणत होती, "अजून."

मालक खिडकीशी मोसंबं सोलत बसले होते. सिस्टर गेल्यावर म्हणाले, "तुला एक सांगायचंय. चिडू नकोस. लग्न झाल्यापासून मी सिद्धेश्वराला एकच मागायचो, घरात थोडी शांतता दे. तुला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा रिक्षा करून गेलो आणि ते मागणं परत घेतलं."

"देव काय म्हणाला?" मी माझ्या त्या विड्याच्या भाषेत विचारलं.

"काही नाही. परत आलो तर सिस्टर दारात उभी. म्हणाली, बाई शुद्धीवर आल्यात आणि तुमी कुटं गेला म्हणून लई चिडल्यात."

आता मी ठरल्या वेळी तपासणीला जाते. मिश्रीचा डबा गटारात गेला. 'र' अजून अडखळतो, भजनात त्याला मी वळसा घालते. आमच्या मंडळात भजनाआधी मी सगळ्यांना आ करायला लावते आणि कुणी लाजलं तर लक्ष्मी सिस्टरचा आवाज काढते. सुलभाताईंच्या गालात पांढरा डाग दिसला, त्यांना हाताला धरून ओपीडीत नेलं; साधा निघाला, तरी त्या माझ्यावर चिडून आहेत. चिडू देत. मला ठाऊक आहे तो राग कुठे जाऊन पोचतो.

देवाचे उपकार मानायला मला शब्द कमी पडतात असं मी म्हणणार नाही, शब्द मला कधीच कमी पडले नाहीत. पण सिद्धेश्वरासमोर आता मी काही मागत नाही. हात जोडते, डोळे मिटते आणि तोंड जरासं उघडं ठेवते. लोकांना वाटतं, बाईला उभ्या उभ्या झोप लागली. वाटू दे.