हरणाऱ्यानं लिहायच्या दहा ओळी

मला उर्दू कुणी शिकवली नाही. ती मला हरून हरून आली.

मस्तगडला मोटार वाइंडिंगचं दुकान असलेला माझा एक मित्र होता. मी त्याला मिस्त्री म्हणायचो, तो मला गुरुजी. मी वडीगोद्रीच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या दोघांच्या आयुष्यात काडीइतकंही साम्य नव्हतं, फक्त विलायतेतल्या फुटबॉलचं वेड सारखं. त्यातही तो लाल संघाचा आणि मी निळ्याचा. शनिवारी संध्याकाळी त्याच्या दुकानात, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांना मोबाइल टेकवून आम्ही सामने बघायचो. चहा त्याचा, शिव्या माझ्या.

आमचा एक नियम होता. ज्याचा संघ हरेल त्यानं दुसऱ्याच्या घरच्या भाषेत दहा ओळी लिहायच्या, त्याही दुसऱ्याच्या स्टेडियमची तारीफ करणाऱ्या. जिंकणारा लाल पेनानं चुका काढणार आणि पान दुकानातल्या दोनशेपानी वहीत चिकटवणार. माझा संघ हरण्यात पटाईत, त्यामुळे माझी उर्दू सुधारली आणि त्याचं मराठी होतं तिथंच राहिलं.

दोन्ही स्टेडियमं आम्ही जन्मात पाहिली नव्हती. तरी भांडण असं, की जणू एकाचा वाडा आणि दुसऱ्याचं छप्पर.

"तुमचं स्टेडियम म्हंजे मोंढ्यातलं धान्याचं शेड, गुरुजी. माणसं कमी अन् कबुतरं जास्ती."

"तुझ्या स्टेडियमचं छत गळतं. तिकीट काढून अंघोळ."

"गळू द्या. पण किती मोठी हाय!"

"मोठं. नपुंसकलिंग."

"एवढी मोठी चीज नपुंसक? हमारे में बीच का कुछ नै होता, गुरुजी. या जीतो, या हारो."

आणि मी? 'मैदान बडी है' असं दरवेळी लिहायचो. हवं 'बडा', म्हणून तो त्या 'बडी'भोवती एवढा मोठा लाल गोळा काढायचा की खालच्या दोन ओळी दिसायच्या नाहीत. वर म्हणायचा, "मास्तर लोकायला छडी मारायचा चान्स कुठं भेटतो!"

पुढं त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दुकानाचं शटर खाली. सामने त्याच्या घरी, पलंगाशेजारी सुरू झाले. आवाज बारीक झाला, पण वही उशाशी असायची.

शेवटचा सामना आमच्या दोन संघांचाच होता. अगदी संपता संपता त्याच्या संघानं गोल केला. मी उसळलो. ऑफसाइड! त्यानं पडल्या पडल्या हात पुढं केला. "लिखो गुरुजी, दस सतरां. दहा ओळी."

"आधी ऑफसाइड होता म्हण, मंग लिहितो."

"बिलकुल न्हाई म्हणणार."

"मंग मीबी लिहिणार न्हाई."

माझा स्वभावच असा. गाढवाला लाज वाटेल इतका हट्टी. घरी येऊन तो गोल मी मोबाइलवर पुन्हा बघितला. ऑफसाइड नव्हता. अर्धं पाऊल मागंच होता त्यांचा गडी. तरी कबूल करवेना. आठवडाभर त्याचे फोन येत राहिले. "पन्ना आला न्हाई, गुरुजी." मी म्हणायचो, "तू आधी कबूल हो." खरं सांगायचं तर मला वाटत होतं, हे भांडण चालू आहे तोवर हा कुठं जातोय? आजारी माणसाशी आपण नेहमीसारखंच वागतोय, याचा मला वर अभिमानही होता.

शुक्रवारी सकाळी तो गेला. मी मातीला गेलो, मूठभर माती दिली आणि तसाच शाळेत जाऊन पाचवीला विशेषणं शिकवली. काय शिकवलं ते आठवत नाही.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर मी ते पान लिहायला बसलो. दहा ओळींना तीन दिवस लागले. पान घेऊन त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं, भाभींनी, वही काढून दिली. शेवटचं कोरं पान त्यानं उघडून ठेवलं होतं. वर सामन्याचं नाव लिहिलेलं, चारी कोपऱ्यांना लावलेला डिंक वाळून गेलेला, आणि लाल पेन तिथंच अडकवलेला. तो माझ्या पानाची वाट बघत होता.

मी भाभींना म्हणालो, "वाचा, आणि चुका काढा."

त्यांनी पदर सावरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मैदान बडी है, हेही वाचलं. ती चूक मी मुद्दाम ठेवली होती. त्या तिथं क्षणभर थांबल्या, पेनाकडं बघितलं, पण पेन उचलला नाही. मी मान खाली घातली.

दहावी ओळ त्यांनी दोनदा वाचली. "गोल सही था."

भाभींना फुटबॉलमधलं काही कळत नाही. त्यांनी वही मांडीवर ठेवली आणि विचारलं, "ये उनको बोले थे क्या, गुरुजी?"

"न्हाई, भाभी," मी म्हणालो.