पत्र्याच्या दाराआड
ओल्या सिमेंटचा वास आला की सासरचा नवा संडास आठवतो. मुखेडकडच्या त्या गावात सासऱ्यांनी तो मुद्दाम बैठकीसमोर बांधला होता, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. मी नवी सून. एका दुपारी मी आत असतानाच सासरे चार माणसं घेऊन दारापुढंच गप्पा मारत बसले. त्यांच्यादेखत संडासातून बाहेर पडायचं कसं? वरचा पत्रा तापलेला, अंग घामानं चिंब, खोकला आला तो पदरात दाबला. शेवटी सासूबाई ओरडल्या, “अवो, म्हैस सुटली!” माणसं पळाली. म्हैस दावणीलाच होती. मी बाहेर आले तशा त्या हळूच म्हणाल्या, “उद्यापसून माझ्यासंगं रानातच चल.” आता लातुरात मी एकटीच राहते, तरी संडासातून निघताना आधी दाराला कान लावते.